सोमवारची खुर्ची

शिंपी स्वतःचा सदरा स्वतः शिवतो, सुतार स्वतःच्या दाराला स्वतः कडी ठोकतो, आणि आचारी उपाशी मेल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. सलूनवाल्याचं मात्र एका बाबतीत अडतंच. त्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. दाढी जमते, कल्ले जमतात, पण मानेवर मागे काय चाललंय ते मागे उभा राहणाराच जाणे. आमची ही गोष्ट एवढ्याशा अडचणीची आहे. बाजार नुसता पैशावर चालतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती जरा कान देऊन ऐकावी.

बाजाराच्या गल्लीत तीन सलूनं होती. त्यांच्या मालकांना सगळे थोरले, मधले आणि धाकटे म्हणत. भाऊ वगैरे कुणी नव्हते, लांबूनही नातं नव्हतं. ज्यानं दुकान आधी उघडलं तो थोरला, इतकंच. थोरले पन्नाशी ओलांडलेले, अंगानं बारीक, बोलायला मऊ आणि डावखुरे. त्यांच्या दुकानात खुर्च्या दोन होत्या, पण चालायची एकच. दुसरीवर धुतलेल्या टॉवेलांची चळत असायची, आणि तिला तसंच बघायची सगळ्यांना सवय झाली होती. मधले म्हणजे तोंडाचा पट्टा, सकाळी सुटला की शटर ओढेपर्यंत थांबत नसे. आणि धाकटे चाळिशी गाठून, दोन पोरांचे बाप होऊनही धाकटेच राहिले होते.

तिन्ही दुकानं सोमवारी बंद. महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी तिघं पाळीपाळीनं एकाच्या दुकानात जमत, शटर अर्धं ओढून घेत आणि एकमेकांचे केस कापत. क्रम ठरलेला होता. थोरले मधल्यांचे कापणार, मधले धाकट्यांचे, धाकटे थोरल्यांचे. कुणाचे कुणावर उपकार नाहीत. चहा ज्याचं दुकान त्याचा.

भावही याच बैठकीत ठरायचा. मधले म्हणायचे, ब्लेडं महागली, पाच वाढवू. आता ज्याची मान खाली दाबलेली आहे आणि कानामागे वस्तरा फिरतोय, तो काय वाद घालणार? त्यामुळे बावीस वर्षांत सगळे ठराव एकमतानं झाले. कटिंग साठ, दाढी तीस. तिन्ही पाट्या एकाच पेंटरनं रंगवलेल्या. मालिश फुकट करायची नाही. दुसऱ्याचं गिऱ्हाईक आलं तर "का हो, तिकडं काय बिनसलं?" म्हणून विचारायचं आणि समजूत घालून परत धाडायचं. गल्लीत एक मास्तर होते, डोक्यावर चकचकीत टक्कल आणि कानांवर तेवढी झालर. ते म्हणायचे, "अहो, माझे निम्मे तरी घ्या." तिन्ही दुकानांत त्यांना शब्दाला शब्द एकच उत्तर मिळे, "मास्तर, शोधायला वेळ लागतो, त्याचे वेगळे लावत नाही हे नशीब समजा." मास्तर हसत आणि साठ मोजून जात. बाकी अळीमिळी गुपचिळी.

थोरल्यांचं घर दुकानाच्या डोक्यावरच होतं, मागच्या जिन्यानं वर गेलं की दोन खोल्या. घरात बायको आणि मुलगी. मुलगी त्या वर्षी परीक्षेला बसली होती आणि अर्थशास्त्रानं तिला जेरीस आणलं होतं. मोठ्यानं घोकल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे, त्यामुळे तिच्याबरोबर सगळं घर अर्थशास्त्र शिकत होतं.

"जेव्हा बाजारात विक्रेते मोजकेच असतात, तेव्हा त्याला अल्पाधिकार म्हणतात," मुलगी खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाली. "हे विक्रेते कधीकधी संगनमत करून किंमत ठरवतात."

"संगनमत म्हणजे गं?" आईनं मटार सोलता सोलता विचारलं.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि बाहेर बोलायचं नाही."

"हात्तिच्या. म्हणजे तुझ्या बाबांचा पहिला सोमवार."

"आम्ही कुणाला लुबाडत नाही," थोरले वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले.

"मी कुठं म्हटलं तसं? पुस्तक म्हणतंय," बायको म्हणाली आणि एक मटार तोंडात टाकला. "पुढे वाच गं."

"नव्या विक्रेत्याला अशा बाजारात शिरणं अवघड असतं. प्रवेशाच्या वाटेत अडथळे असतात. उदाहरणार्थ, मोठं भांडवल."

थोरले मनात म्हणाले, इथं कुठलं आलंय भांडवल, एक खुर्ची नि एक आरसा. आणि पुढच्याच आठवड्यात एक खुर्ची नि एक आरसा घेऊन चौथा आला.

गल्लीच्या टोकाला छत्र्यांचं दुकान होतं ते बंद पडलेलं. तिथं त्यानं सलून थाटलं. तिशीतला माणूस, कुठून तरी लांबून आलेला, हसतमुख, नाकासमोर बघून चालणारा. लोकांनी लगेच बारसं करून टाकलं, शेंडेफळ. कटिंग चाळीस, दाढी वीस, आणि वर कहर म्हणजे सोमवारी चालू. पहिलं गिऱ्हाईक टकले मास्तर. झालरीचे त्यांनी दहाच दिले आणि बाहेर येऊन गल्लीभर सांगत सुटले.

त्या महिन्याच्या बैठकीत मधल्यांनी पट्टा सोडला. "आयत्या बिळावर नागोबा. बावीस वर्षं आपण ही गल्ली राखली, आणि हा येऊन चाळिसात कापणार? आपण भाव उतरवायचा का? मुळीच नाही. मी म्हणतो, त्याला हातच लावायचा नाही. त्याचे केस कोण कापणार आहे?"

धाकटे खो खो हसले. ते नेमके मधल्यांच्या हाताखाली होते, त्यामुळे कान कापला जाता जाता वाचला. त्याच दुपारी धाकट्यांनी पुलापलीकडच्या सलूनवाल्यांना फोन केले. तेही आपलेच. एकाच माळेचे मणी म्हणा ना. गावात शेंडेफळाच्या डोक्याला कात्री लावणारा एकही हात उरला नाही. थोरले हो म्हणाले नाहीत आणि नाही तर त्याहून म्हणाले नाहीत. मूग गिळून चहा पीत राहिले.

बघता बघता दोन महिने गेले. शेंडेफळाचे केस कानांवर आले, मग कॉलरवर आले. लोक मोठे नग असतात. ज्याच्या दुकानात स्वस्त म्हणून रांग लावली, त्याच्याच तोंडावर म्हणू लागले, आधी स्वतःच्या डोक्याचं बघ. कुणी विचारी, उपास आहे का केसांचा? तो टोपी घालू लागला. पण टोपी घातलेला सलूनवाला म्हणजे दात पडलेला दातांचा डॉक्टर, गिऱ्हाइकाला कसा भरवसा वाटणार? रांग आटली. थोरल्यांना हे रोज दिसत होतं, आणि त्यांना दुसराच त्रास व्हायचा. ती वाढलेली मान समोरून गेली की त्यांची डाव्या हाताची बोटं आपोआप हलत.

एका दुपारी शेंडेफळ त्यांच्याच दारात येऊन उभं राहिलं. टोपी हातात.

"काका, पाटीवर लिहिलेत तेवढे देतो. साठ. तेवढे केस कापा माझे."

दुकानात चिटपाखरू नव्हतं. एक खुर्ची रिकामी, दुसरीवर टॉवेल. थोरले त्या दोन खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "आज गर्दी आहे."

त्यानंही खुर्च्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि टोपी घालून निघाला. थोरल्यांची कानशिलं गरम झाली. शब्द परत गिळता आले असते तर त्यांनी गिळले असते. मागच्या जिन्याचा पडदा जरासा हलला, तो त्यांना आरशात दिसला, पण वारा असेल म्हणून त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

चारच दिवसांनी शेंडेफळ उघड्या डोक्यानं बाजारातून गेलं. केस कापलेले. नुसते कापलेले नाहीत, असे कापलेले की भाजीवालीनंही वळून पाहिलं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच प्रश्न झाला, कुणी कापले?

पहिला सोमवार आला. बैठक मधल्यांकडे होती. थोरले खुर्चीत बसले, धाकट्यांनी गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी फवारलं आणि उजव्या बाजूनं सुरुवात केली. उजवी बाजू पुरी झाली तसे मधले समोर येऊन उभे राहिले.

"थोरले, परवा त्याची मान पाहिली मी. जवळून पाहिली."

"कुणाची?"

"आता वेड पांघरू नका. मानेवर रेघ नाही, केस उतरत उतरत नाहीसे केलेत. आणि उजव्या कानामागचा कट उलट्या अंगानं आलाय. डाव्या हाताचं काम आहे ते. या बाजारात डावखुरा एकच आहे."

थोरल्यांना आधी काही कळेचना. मान खाली असल्यामुळे त्यांना स्वतःचे गुडघे आणि त्यावर पडलेले पांढरे केस एवढंच दिसत होतं. "मी नाही कापले," ते म्हणाले. "शप्पथ सांगतो, मी त्याला परत पाठवला. गर्दी आहे म्हणालो."

"केसानं गळा कापलात तुम्ही आमचा," मधले म्हणाले. "सगळ्यांत मोठे म्हणून मान देत होतो."

मागे धाकट्यांची कात्री थांबली. "मग मी कशाला कापू?" असं म्हणून त्यांनी फणी ठेवायला मधल्यांचा ड्रॉवर खस्सकन ओढला, आणि त्यातून छोट्या छोट्या कार्डांचा गठ्ठा खाली पडला. धाकट्यांनी एक उचललं आणि वाचलं, "चार कटिंगवर पाचवी फुकट."

"हे केव्हापासून?" धाकट्यांनी विचारलं.

"तू बोलूच नकोस," मधले उसळले. "तुझ्याकडे दर कटिंगला दहा मिनिटं डोकं चोळून मिळतं ते काय मला ठाऊक नाही? माझा सख्खा मेव्हणा येतो तुझ्याकडे. सगळं सांगतो."

मग काय विचारता. बावीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. कुणी कुणाचं गिऱ्हाईक कधी पळवलं, कुणाच्या टॉवेलाला वास येतो, कुणाचा आरसा माणसाला मुद्दाम बारीक दाखवतो. दोघं एकमेकांची बिनपाण्यानं करत होते आणि मधोमध थोरले खुर्चीत, अंगावर कापड, उजवी बाजू चकाचक आणि डावीकडे महिन्याभराचं रान. त्यांनी दोनदा हळूच विचारलं, "एवढी डावी बाजू तरी..." कुणी ऐकलं नाही. शेवटी ते उठले, कापड काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडले.

गल्ली ओलांडताना त्यांना रडू यायचंच बाकी होतं. उद्या दुकान उघडायचं होतं. अर्धं डोकं घेऊन आरशासमोर उभं राहायचं होतं, आणि मागे उभा राहणारा आता कुणीच उरला नव्हता. शेंडेफळाला टोपी का घालावी लागली ते त्यांना पहिल्यांदाच आतून कळलं. पण केसांपेक्षाही एक गोष्ट जास्त टोचत होती. जे त्यांनी केलं नव्हतं, ते त्यांच्याच हाताचं दिसत होतं. बावीस वर्षांची दोस्ती त्यापायी गेली होती, आणि तो हात कुणाचा हे त्यांना माहीत नव्हतं.

वर घरात मुलगी खिडकीशी पालथी पडून वाचत होती. बापाकडे नजर गेली आणि तिनं पुस्तकात तोंड खुपसलं. पाठ नुसती गदगदत होती. "हास, हास," थोरले म्हणाले. "बापाची अब्रू गेली, तुला हसू येतंय." आणि पुढचं काही बोलायच्या आत त्यांचं लक्ष तिच्या मानेकडे गेलं.

मुलगी केस लहान ठेवायची, पहिल्यापासून. ती मान त्यांनी रोज पाहिली होती. जेवताना, झोपलेली असताना, शाळेची पिशवी घेऊन जिना उतरताना. पण पाहिली होती म्हणजे काय, नजरेखालून गेली होती. मानेवर रेघ नव्हती. केस उतरत उतरत नाहीसे केलेले. ते खाली वाकले. उजव्या कानामागचा कट उलट्या अंगानं आलेला.

"तुझे केस कोण कापतं?"

"आई," मुलगी उठून बसली. "आईच कापते की. लहानपणापासून. तुम्हाला माहीत नाही?"

थोरले स्वयंपाकघराच्या दारात गेले. बायको ओट्याशी उभी होती. नवऱ्याचं अर्धं डोकं बघून तिनं तोंडाला पदर लावला नाही की हाय हाय केलं नाही. गॅस बारीक केला आणि हात पुसले.

"मीच कापले त्याचे," ती म्हणाली. "मागच्या दारानं वर बोलावलं. त्या स्टुलावर बसवलं. साठ दिले त्यानं, डब्यात ठेवलेत."

"अगं पण का?"

"तुम्ही त्याला गर्दी आहे म्हणालात तेव्हा मी जिन्यात होते. दुकानात माशी नव्हती. तो दुकान बंद करून परत जाणार होता, अहो. बायको-पोरांना आणायच्या आधीच. आणि कशापायी, तर डोकं वाढलं म्हणून. पोरीच्या पुस्तकात अडथळे म्हणून पानभर यादी आहे, भांडवल नि परवाने नि काय काय. तुमचा अडथळा त्यात कुणाला सुचलेला नाही."

"पण डाव्या हातानं?" थोरल्यांना तेच सुटत नव्हतं. "तू डावखुरी नाहीस. तू भाजी उजव्या हातानं चिरतेस, सही उजव्या हातानं करतेस."

"घरात कात्र्या कुठल्या होत्या? तुम्ही टाकलेल्या. त्या सगळ्या डाव्या. उजव्या हातात धरल्या की केस नुसते दुमडतात, कापतच नाहीत. मग मी हात बदलला. पडद्याआडून तुमचं बघून बघून शिकले. पोरगी झाली, तिचे कापले. मग शेजारच्या पोरांचे. या मागच्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलीत."

"मला एकदा विचारायचं तरी होतंस."

"विचारलं होतं," बायको म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "ही पोटात होती तेव्हा. म्हटलं, दुसरी खुर्ची रिकामीच आहे, मी शिकते. तुम्ही हसलात. मग सोमवारी जाऊन त्या दोघांना सांगितलंत, तेही हसले. नंतर वर्षभर मधले भाऊजी मला दिसले की विचारायचे, काय वहिनी, दाढी करता का?"

थोरल्यांना ते आठवलं. हसणं आठवलं, आणि दुसऱ्याच दिवशी आपण त्या खुर्चीवर टॉवेल रचले होते तेही आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी पोटातून. आणि गंमत बघा, त्या लाजेच्या जोडीला एक अभिमानही वाटत होता. शेंडेफळाची मान त्यांनी बाजारात पाहिली होती तेव्हा मनात म्हणाले होते, ज्यानं कुणी कापलेत तो माझ्याहून सरस आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"उरलेले कापतेस का?" त्यांनी विचारलं.

बायकोनं स्टूल पुढे ओढलं.

"इथं नाही," थोरले म्हणाले. "खाली."

खाली शटर बंदच होतं. थोरल्यांनी दिवा लावला आणि दुसऱ्या खुर्चीवरची टॉवेलांची चळत दोन खेपांत उचलून फळीवर ठेवली. खाली रेक्झिन नवं कोरं निघालं, कुणी बसलेलंच नव्हतं तर फाटणार कुठून. ते बसले. या खुर्चीतून आपण आरशात कसे दिसतो ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. मुलगी पायरीवर पुस्तक घेऊन बसली, पण वाचत कुणी नव्हतं. बायकोनं गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री डाव्या हातात घेतली आणि कापायला सुरुवात केली. डावी बाजू झाल्यावर ती उजवीकडे वळली आणि धाकट्यांनी केलेलंही जरा सुधारलं.

मग तिनं कापड झटकलं. "साठ झाले."

"अगं, घरचा माणूस."

"भाव ठरलेला आहे. तुम्हीच ठरवलाय," बायको म्हणाली, आणि मुलगी पायरीवर हसून हसून लोळली. थोरल्यांनी खरंच साठ काढून दिले.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्यांच्या दुकानात दोन खुर्च्या चालू झाल्या. पहिला आठवडा लोक नुसते डोकावून गेले. मग आया पोरांना घेऊन आल्या, मग आयाच आल्या, आणि एक दिवस टकले मास्तर आले आणि सरळ दुसऱ्या खुर्चीत बसले. बायकोनं झालर बघितली आणि वीस सांगितले. "जेवढे केस तेवढा भाव," ती म्हणाली. मास्तरांचे डोळे भरून आले म्हणतात, पण मास्तर जरा रंगवून सांगतात. शेंडेफळाची रांग परत आली. चाळिसात भाडं सुटत नाही हे त्यालाही कळलं होतं, त्यानं पन्नास केले आणि दाढ्यांचे नवे नमुने करू लागला, तरण्या पोरांची तिथं झुंबड. मधल्यांनी कार्डं उघडपणे वाटायला घेतली. धाकट्यांनी पाटीवर लिहून घेतलं, मालिश मोफत. चार दुकानांच्या चार पाट्या झाल्या आणि पेंटरची चांदी झाली.

"आता हा कुठला बाजार म्हणायचा गं?" थोरल्यांनी मुलीला विचारलं.

"मक्तेदारीयुक्त स्पर्धा. काम एकच, पण प्रत्येकाचं काहीतरी वेगळं. परीक्षेत हाच प्रश्न आला होता, बाबा. मी आपलीच गल्ली लिहून आले."

थोरल्यांची कमाई फार काही घटली नाही, हेही खरं. पण मन रमत नव्हतं. मधले नि धाकटे एकमेकांशी बोलत नव्हते आणि थोरल्यांशीही. मधल्यांचे केस कानांवर उतरले होते. धाकटे पुलापलीकडं जाऊन कापून आले, तर मानेवर पट्टी ठेवून मारल्यासारखी रेघ. ते कॉलर वर करून फिरत होते.

महिन्याचा पहिला सोमवार आला. पाळी थोरल्यांची होती. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि बायकोला म्हणाले, "चहा दोघांचाच टाक. कोण येतंय."

"पाच कप टाकलेत," बायको म्हणाली.

आधी शेंडेफळ आलं, आपलं दुकान तासभर बंद ठेवून, बिस्किटांचा पुडा घेऊन. मग बराच वेळ कुणी नाही. मग अर्ध्या शटरखाली दोन पाय येऊन थांबले. मधल्यांच्या चपला थोरल्यांनी लगेच ओळखल्या. चपला थोडं पुढे झाल्या, मागे गेल्या, खाकरल्याचा आवाज आला.

"वहिनी आहेत का?"

"आहेत, आत या," थोरले म्हणाले.

मधले वाकून आत आले आणि मुकाट्यानं दुसऱ्या खुर्चीत बसले. त्यांच्यामागोमाग पाच मिनिटांत धाकट्यांचे बूट शटरखाली उगवले. चहा झाला. कुणी माफी मागितली नाही, कुणी मागायला लावली नाही. कात्र्या चालू झाल्या तसा मधल्यांना जुना सूर सापडला. "मी काय म्हणतो, ब्लेडं फार महागलीत, आपण सगळ्यांनी मिळून..."

"भाऊजी, मान खाली," बायको म्हणाली आणि त्यांचं डोकं दोन बोटांनी अलगद दाबलं. मधल्यांचा ठराव तिथंच राहिला. शेंडेफळ आरशात बघून गालातल्या गालात हसलं.

बायकोनं मधल्यांचे कापले, मधल्यांनी धाकट्यांचे, धाकट्यांनी थोरल्यांचे, थोरल्यांनी शेंडेफळाचे. त्या मानेवर कात्री फिरवताना थोरले हळूच म्हणाले, "त्या दिवशी गर्दी नव्हती रे." "माहीत आहे, काका," तो म्हणाला. फरशीवर सगळ्यांचे केस एकत्र झाले, काळे नि पांढरे. बायको केरसुणी घ्यायला वळली तेव्हा धाकटे म्हणाले, "थांबा, वहिनींचे राहिले की."

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. थोरल्यांच्या तर मुळीच नाही. हजारो डोकी त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि हे एक, रोज शेजारच्या उशीवर असलेलं, त्यांनी कधी हातात घेतलं नव्हतं.

बायको जरा लाजली. मग केरसुणी भिंतीला टेकवून ती आपल्या खुर्चीत बसली आणि अंबाडा सोडला. केस कमरेपर्यंत आले, मधूनमधून पांढरे. थोरले मागे उभे राहिले. एवढे लांब केस कापायची त्यांना सवय नव्हती.

"वीस वर्षं उशीर झाला," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"शेंडे तेवढे काढा, चार बोटं," बायको म्हणाली आणि आरशातून त्यांच्याकडे बघत विचारलं, "मान खाली घालू?"

"नको," थोरले म्हणाले. "तुला हवी तशी ठेव."